झाकण न उघडता

तिला मराठीत फक्त हुकूम सोडता यायचे. 'हलू नकोस.' 'तोंड मीट.' 'हात खाली.' 'शहाणा ना तू?' याच्यापलीकडचं मराठी तिच्याकडे फारसं नव्हतंच. माझं वय त्रेपन्न, लिव्हर बदलून तीन महिने झालेले. मिनेसोटातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एमआरआयच्या अरुंद बोगद्यात मी उताणा पडलो होतो. पोटावर जाड गादीसारखी पट्टी आवळलेली, कानांवर हेडफोन. त्या हेडफोनमधून पोरीचा आवाज आला, 'काका, हलू नकोस हां. हललास तर सगळं परत करायला लागेल.' मला या देशात येऊन चौदा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत रविवारी फोनवर बोलणारी ताई सोडली, तर मला 'तू' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. मी इतका गप्प पडून राहिलो, की तिला शंका आली. 'काका, झोपलास का? झोपू नकोस.'

मनात मी तिचं नाव 'हलूनको' ठेवलं. खरं नाव तिच्या छातीवरच्या पट्टीवर होतं, पण ते इथे लिहीत नाही. ती मशीन चालवणारी टेक्नॉलॉजिस्ट होती, अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांची. जन्म याच देशातला, पूर्वेकडच्या श्रूजबरी गावचा. आईबाप दोघं नोकरीवर, त्यामुळे ती सहा वर्षांची होईपर्यंत तिला आज्जीने सांभाळलं. मग आज्जी भारतात परत गेली आणि घरात इंग्रजी सुरू झालं. 'माझं मराठी तिथेच थांबलं, काका. ते अजून सहा वर्षांचं आहे.' म्हणून तिच्याकडे 'तुम्ही' नव्हतंच. सहा वर्षांच्या पोरीला 'तुम्ही' कोण म्हणणार? आज्जीने अंघोळ घालताना, वेणी घालताना, भरवताना जे जे म्हटलं, तेवढंच तिला येत होतं. पहिल्या दिवशी तिथल्या दोघा कर्मचाऱ्यांनी मला इंग्रजीत विचारलं, अंगावर धातू आहे का. मी दोन्ही वेळा नाही म्हणालो. ती आली, माझ्याकडे जरा बघितलं आणि म्हणाली, 'कमरेला करदोरा आहे?' होता. त्यात इवलासा ताईतही होता, आणि इतक्या वर्षांत तो माझ्या लक्षातूनच गेला होता. 'आज्जीने माझ्या भावाला बांधला होता,' ती म्हणाली. 'काढ. लाजू नकोस. मी तिकडे बघते.'

आता माझ्याविषयी थोडं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मी बार्शीकडचा. आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून हातात झारा आहे. ईडन प्रेरीतल्या एका कंपनीच्या कॅफेटेरियात मी स्वयंपाकी. आपल्याकडची इंजिनियर पोरं दुपारी रांगेत येतात, 'काका, चटणी एक्स्ट्रा' म्हणतात, डबा घेतात आणि फोनकडे बघत निघून जातात. लिव्हर खराब झालं म्हटल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, 'किती घ्यायचात?' मी आयुष्यात थेंब घेतला नाही. लहानपणी कुठल्याशा सुईतून अंगात आलेली कावीळ पन्नाशीत वर आली, एवढंच. पण दर वेळी कुणाला हे सांगत बसणार? मग कुणातरी अनोळखी माणसाचं लिव्हर मला मिळालं. कोण, कुठला, किती वर्षांचा, काही सांगत नाहीत. त्या माणसाच्या घरी रडारड चालली असेल त्याच दिवशी माझ्या खोलीत डॉक्टर हसत आले होते. हे मला अजून पेलत नाही.

त्या उपकाराच्या ओझ्यामुळे हॉस्पिटलात मी कशालाच नाही म्हणत नसे. संशोधनात भाग घ्याल का, असं डॉक्टरांनी विचारलं, आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत मी मान डोलावली. नर्सने पुढचा अर्धा तास सगळा कागद वाचून दाखवला, मी पुन्हा मान डोलावली. गोष्ट अशी होती. बदललेलं लिव्हर नीट नांदतंय की नाही, हे नक्की कळायचं तर बरगड्यांमधून सुई घालून त्याचा कण काढावा लागतो. माझ्या दोन सुया झाल्या होत्या. तिसरी टळावी म्हणून मी काहीही केलं असतं. तेच काम सुईशिवाय, नुसत्या चुंबकाने होतं का, हे त्या लोकांना बघायचं होतं. त्यासाठी दर तीन महिन्यांनी मी बोगद्यात जायचं.

'आपण नुसता फोटो काढत नाही, काका,' तिने मला समजावलं होतं. 'आपण ऐकतो. लिव्हरमध्ये पाणी आहे, फॅट आहे, फॉस्फरस आहे. सगळ्यांचा आवाज वेगळा. मॅग्नेट त्यांना बोलायला लावतो, आपण चूप बसून ऐकायचं.' मी म्हटलं, म्हणजे पलीकडच्या खोलीत बसून वासावरून सांगायचं की आमटीची फोडणी करपली. झाकण न उघडता. ती टाळी वाजवून हसली. पुढच्या वेळी गेलो तर सोबतच्या डॉक्टरला इंग्रजीत माझीच फोडणी ऐकवत होती. मी आठवी शिकलेला माणूस, माझं वाक्य पांढऱ्या कोटातल्या माणसाने मान हलवत ऐकलं. घरी येताना बसमध्ये मी ते मनात चार वेळा परत ऐकलं.

श्वासाच्या बाबतीत ती कडक होती. सगळ्यांना वाटतं श्वास भरून रोखायचा. मीही विहिरीत बुडी मारणारा, छाती भरून घ्यायचो. 'नाही! घेऊ नकोस. सोड. सगळा सोड. आता थांब.' श्वास सोडला की लिव्हर दर वेळी त्याच जागी येतं, म्हणून. रिकाम्या छातीने थांबणं सोपं नसतं. पहिल्यांदा वाटतं, आता हवा परत येणारच नाही. म्हणून ती मोजायची. मराठीत. आज्जीने वेणी घालताना शिकवलेले आकडे. 'पंधरा, सोळा, सतरा, अठरा...' आणि तिथे गाडी अडायची. अठरानंतरचं तिला येत नव्हतं. '...नाइन्टीन, ट्वेंटी. घे श्वास. शाब्बास!' केस पिकलेला माणूस त्या शाब्बासकीसाठी जीव टाकायचा. बोगद्यात लोक घाबरतात म्हणे. मला बोगद्याबाहेर जास्त भीती वाटायची. आत निदान तासभर कुणीतरी माझ्या श्वासावर लक्ष ठेवून असायचं.

तिची आणखी एक सवय होती, ती मला माझ्या घाबरटपणामुळे कळली. उशीर होईल या भीतीने मी दर वेळी पहिली बस पकडून दीड-दोन तास आधीच जाऊन बसायचो. 'परत लवकर? घरी काम नाही तुला?' ती कोट काढता काढता ओरडायची. मग दिवसाच्या पहिल्या माणसाआधी ती मशीनमध्ये एक प्लास्टिकची बाटली ठेवायची. आत काय आहे, किती आहे, हे आधीच मोजलेलं. मशीन तेच सांगतंय का, ते बघायचं. एकदा तिने मला काचेतून त्या बाटलीचा आलेख दाखवला. सपाट रेघ आणि मधेच वर गेलेली टोकं. हे पाणी, हे तेल. 'आधी मशीनला विचारायचं, खरं बोलतोस का? मग माणसाचं ऐकायचं.' दिवसातून एकदा, सकाळी. त्यानंतर ती बाटली फळीवर जायची, ती थेट दुसऱ्या दिवशीच खाली यायची.

माझा आलेख मात्र तिने कधी दाखवला नाही. तिला परवानगीच नव्हती. निकाल डॉक्टर सांगणार, ती नाही. मी माझ्या परीने शोधत राहायचो. आजची शाब्बासकी जरा आखूड होती का? पट्टी सोडताना ती गप्प का होती? एकदा तिने मला पकडलंच. 'काका, तू माझं तोंड वाचतोयस. वाचू नकोस. माझं तोंड असंच आहे.'

आता माझी चूक सांगतो. त्या अनोळखी माणसाचं लिव्हर मला घरी आलेल्या पाहुण्यासारखं वाटायचं. आपलं घर सोडून परक्या पोटात आलाय बिचारा, त्याची नीट सरबराई व्हायला हवी. ही काळजी मी फोनवर ताईला बोलून दाखवली. ताई माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. तिने शेजारच्या मळ्यातल्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल तोडून आणली, वाळवली, कुटली आणि इकडे येणाऱ्या कुणाच्या तरी बॅगेतून पाठवली. 'सकाळ-संध्याकाळ काढा घे. लिव्हरला याच्यासारखं दुसरं काही नाही.' मी घेत होतो. श्रद्धेने. स्कॅनच्या आधी चार तास पोट रिकामं ठेवावं लागे, म्हणून त्या दिवशीचा काढा थर्मासमध्ये भरून नेत असे, झाल्यावर प्यायला.

दर भेटीला नर्स विचारायची, आम्ही दिलेल्या गोळ्यांशिवाय काही घेता का? झाडपाला, पावडर, काहीही? मी नाही म्हणायचो. खोटं बोलावं असं मनात नव्हतं. एक तर ताईने पाठवलेलं मला औषध वाटतच नव्हतं. आणि दुसरं खरं कारण असं, की मला लाज वाटायची. या लोकांनी एवढं केलं, नवं आयुष्य दिलं, आणि हा घरी जाऊन गावाकडचा पाला उकळून पितो, म्हणजे याचा आमच्यावर विश्वास नाही, असं त्यांना वाटलं तर?

चौथ्या स्कॅनच्या वेळी बाहेर पहिला बर्फ पडला होता. आत सगळं नेहमीसारखं चाललं होतं. सोड, थांब, शाब्बास. मग ती म्हणाली, 'काका, अजून एकदा.' ते झालं. 'परत एकदा हां. तू नीट केलंस. मलाच परत पाहिजे.' तिसऱ्यांदाही झालं. पट्टी सोडताना ती हसली, तोंड नेहमीसारखंच होतं. मी कपडे बदलायला गेलो. परत येताना काचेतून सहज आत बघितलं, तर ती फळीवरून बाटली काढून मशीनमध्ये ठेवत होती.

सकाळी एकदा ठेवून झाली होती, मी स्वतः बघितली होती. आता अकरा वाजता ती मशीनला पुन्हा विचारत होती, खरं बोलतोस का?

तिने एक शब्द सांगितला नव्हता, नियम मोडला नव्हता. पण मला कळायचं ते कळलं. बाकावर बसलो. हातांना काहीतरी काम हवं म्हणून थर्मास उघडला, झाकणात काढा ओतला, आणि ती बाहेर आली. माझ्यापाशी येता येता थबकली. नाक वर केलं.

'हे काय आहे?'

'काही नाही. चहा.'

'खोटं बोलू नकोस,' ती म्हणाली. आज्जीचंच वाक्य असणार, आज्जीच्याच आवाजात. 'मला वास माहीत आहे. आज्जी मला नाक दाबून द्यायची. कडू.'

मी झाकण बाकावर ठेवलं.

'काका, मी डॉक्टर नाही. मला काही सांगता येत नाही. मला नको सांगू. पण वर जाऊन नर्सला सांग. आत्ता. हे घेऊन जा.'

'नको गं,' मी म्हटलं. 'रागावतील ते. म्हणतील, याला दिलं ते वाया गेलं. दुसऱ्या कुणाला दिलं असतं तर त्याने जपलं असतं.'

'कोण म्हणेल? आणि लिव्हर काय परत घेणार आहेत? वेडा आहेस का?' तिने झाकणातला काढा थर्मासात परत ओतला, बूच फिरवून घट्ट लावलं आणि थर्मास माझ्या हातात दिला. 'ऊठ. मी येते बरोबर.'

लिफ्टमध्ये आम्ही दोघं आणि मधे तो थर्मास. वर नर्सपुढे उभं केल्यावर ती एक पाऊल मागे सरली. मला वाटलं, इंग्रजीत हीच सांगेल. 'तू सांग,' म्हणाली. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं. ताई, निंबावरची वेल, सकाळ-संध्याकाळ, सात महिने. नर्स रागावली नाही. तिने थर्मास दोन्ही हातांनी घेतला आणि 'सांगितलंत ते फार बरं केलंत' म्हणाली. मी तिथे खुर्चीत बसून रडलो. हलूनको शेजारी उभी राहून माझ्या पाठीवर थापटत होती, 'पुरे. पुरे. रडू नकोस. नाक पूस.'

त्याच दिवशी रक्त काढलं, आकडे चढलेले निघाले. आणि सुईही चुकली नाही. मी तिला तक्रारीच्या सुरात म्हटलं, तुझं मशीन झाकण न उघडता सांगतं ना, मग पुन्हा सुई कशाला? 'मशीनला कळलं, काहीतरी गडबड आहे. काय गडबड, ते नीट नाही कळलं. ते अजून शिकतंय, काका. आठवीत आहे. तुझ्यासारखं.' असं तोंडावर दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मला लागलं असतं. सुईच्या वेळीही श्वास सोडून थांबायचं असतं. डॉक्टर इंग्रजीत सांगत होते, मी मनात मराठीत मोजत होतो. अठरापर्यंत.

शरीराने लिव्हर नाकारलं नव्हतं. त्याला इजा झाली होती ती काढ्याने, असं डॉक्टर म्हणाले, आणि वेळेवर थांबलं म्हणून बरं. त्यांनी मला सोप्या शब्दांत सांगितलं की शरीरातले पहारेकरी नव्या लिव्हरवर धावून जाऊ नयेत म्हणून आम्ही गोळ्या देऊन त्यांना झोपवलंय, आणि तुमची ही वेल त्यांनाच उठवायला बघते. पाहुण्याची सरबराई म्हणून मी रोज सकाळ-संध्याकाळ हे करत होतो. पुढचे दोन महिने दर आठवड्याला रक्त दिलं. आकडे हळूहळू उतरले.

ताईला सांगणं मात्र सुईपेक्षा कठीण होतं. कसं सांगू, म्हणून मी हलूनकोलाच विचारलं. त्या पोरीने जरा विचार केला. 'चुकलं असं नको सांगू. सांग, आता हे नको, दुसरं काहीतरी पाठव. आज्जी लोकांना काहीतरी पाठवायचं असतं.' तसं मी सांगितलं. ताई म्हणाली, 'माझ्या हातानं असं व्हावं का रे?' मी म्हटलं, तुझ्या हातानंच मी एवढा झालोय. दोन महिन्यांनी कुणाच्या तरी बॅगेतून तिने शिवलेली वाकळ आली, जुन्या लुगड्यांची. फोनवर म्हणाली, 'ही पोटात जात नाही. डॉक्टरला विचारायला नको.'

दोन वर्षांनी ते संशोधन संपलं. शेवटच्या स्कॅनच्या दिवशी हलूनकोने सांगितलं की ती दूर पश्चिमेला, सांता क्लाराला चाललीय, अशी मशीनं बनवणाऱ्या कंपनीत. मी पहाटे उठून धपाटे केले होते, तिच्यासाठी. 'काका, पेशंटकडून काही घ्यायला चालत नाही,' ती म्हणाली, आणि डब्याकडे बघत राहिली. मी डबा पिशवीत घातला. माझा चेहरा पडला असावा. 'दुसरं काहीतरी दे,' ती म्हणाली. 'अठरानंतर काय असतं?'

'एकोणीस.'

'ए-को-णीस. विचित्र आहे. मग आज्जी वीस म्हणायची का?'

'वीसच.'

त्या दिवशी बोगद्यात तिने सगळे आकडे सलग म्हटले. एकोणीसला जरा अडखळली, पण सोडलं नाही. वीसनंतर श्वास घ्यायचं मलाच सुचलं नाही. 'घे की काका! घे श्वास!' बाहेर आल्यावर तिने माझ्या कोटाची वरची गुंडी लावली. 'बाहेर थंडी आहे. नीट जा. रस्त्यात कुठे थांबू नकोस.' बस, एवढंच. निरोपाचं मराठी तिला कुणी शिकवलंच नव्हतं. आज्जी भारतात परत निघाली तेव्हा ती शाळेत होती, असं एकदा म्हणाली होती.

आता वर्षातून एकदा मला साध्या तपासणीसाठी त्याच तळमजल्यावर बोलावतात. मशीन तेच आहे, पण हेडफोनमधला आवाज आधीच भरून ठेवलेल्या एका इंग्रजी बाईचा आहे. ती सगळ्यांना एकच सांगते. श्वास सोडा, थांबा. किती वेळ, ते सांगत नाही. मीच मोजतो. वर नर्सने विचारलं, आणखी काही घेता का, की मी चहातल्या वेलदोड्यापासून सगळं सांगतो. तिला हसू आलं तरी सांगतो.

मग बाहेर येऊन बस स्टॉपवर उभा राहतो. बर्फ असतो, रस्त्यावर माझ्याशिवाय कुणी नसतं. घरी जाऊन वाकळ पांघरून पडायचं, हे ठरलेलं. बस यायला वेळ असतो तेवढ्यात मी कोटाच्या आत हात घालून उजव्या बरगडीखाली ठेवतो. तिथला पाहुणा आता जुना झाला आहे. त्याला मी हळूच म्हणतो, हलू नकोस.